बस्त्याला आणलेला कुत्रा

"चपला बाहेर काढा, चपला बाहेर!" शिवलिंगशेठ गल्ल्यावरून ओरडले आणि आम्ही सगळ्यांनी पायरीवर चपला काढल्या. नवऱ्या मुलाच्या आईनं काढल्या, काकानं बूट काढले, माझ्या ताईनं तर रुमालानं तळपाय पुसून घेतले. कराडातलं मोठं साड्यांचं दुकान, भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी. तिला धूळ लागू नये म्हणून शेठ गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी त्याच्या टाचा बघायचे.

मग सगळ्यांच्या मागून कुत्रा आत आला. रस्त्यावरून थेट गादीवर, चारी पायांनी.

काळा कुळकुळीत, भुवयांवर तांबडे ठिपके, अंगानं वासराएवढा. गळ्यात साखळी, आणि साखळीचं दुसरं टोक रणधीरच्या मनगटाला गुंडाळलेलं. रणधीर म्हणजे आमचा होणारा जावई.

माझा दंड कुणीतरी गच्च धरला. हर्षदा, माझी भाची, नवरी मुलगी. तिची नखं ब्लाउजच्या बाहीतून मला रुतली. लहान असताना एका पिसाळलेल्या कुत्र्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला होता. इंजेक्शनं देताना दवाखान्यात तिला मीच दाबून धरलं होतं. तेव्हापासून गल्लीच्या टोकाला कुत्रं दिसलं तरी ती दुसऱ्या वाटेनं जायची.

रणधीरला हे माहीत होतं. तो बघायला आला तेव्हाच तिनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "माझं एवढं एकच म्हणणं आहे. कुत्रा घरात नको, बाहेर बांधा." तो हसून "बरं" म्हणाला होता. पण हर्षदाच्या मनाला ते "बरं" पटेना. कराडला येताना एसटीत ती माझ्या कानाशी लागली, "मावशी, बस्ता व्हायच्या आत हे त्यांच्याकडून पक्कं करून घे. नंतर मला कोण विचारतंय?"

ती मला सांगणारच. मी इंदू, तिच्या आईची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून एसटी स्टँडमागं खानावळ चालवते. तोंडानं फाटकी म्हणून घरचे भांडायला मला पुढं करतात आणि काम झालं की गप बसवतात.

"ओ शेठ," मी म्हटलं, "माझ्या टाचेची माती तुम्हाला चालत नाही आणि ह्याच्या चार पायांना काय अत्तर लावलंय?"

शेठ ओशाळं हसले. खांबावर त्यांचीच पाटी होती, पाळीव प्राण्यांना आत आणू नये, म्हणून. रणधीरची गाडी दारात थांबली तेव्हा ती पाटी त्यांनी आपल्या हातानं भिंतीकडं तोंड करून फिरवली होती. मी बघितलं होतं.

"मोठं घराणं आहे ताई," शेठ पुटपुटले. "पूर्ण बस्ता आपल्याकडंच करतायत."

"अहो इंदूताई, हा कर्नल कुत्रा असला तरी आमच्या घरातलाच आहे," रणधीरचा काका मांडी घालत म्हणाला. हा पोपटकाका सगळ्या गोष्टी हसण्यावारी नेणारा माणूस. "पोरच समजा आमचं!"

"पोर आहे तर चड्डी घाला की. चारचौघांत उघडाच हिंडवताय."

दुकानातले गडी फिसकन हसले. रणधीरही हसला. दिसायला देखणा, बोलायला मऊ, कधी आवाज चढवणार नाही. "काही करत नाही तो, मावशी."

हे वाक्य मी रोज ऐकते. ज्याचा कुत्रा असतो त्याला तो कधीच काही करत नाही. माझ्या खानावळीत मी कुत्र्याला उंबरा ओलांडू देत नाही. जेवायला आलेल्या माणसानं ताटाकडं बघायचं का टेबलाखाली? एकदा एकजण दांडगं कुत्रं घेऊन आत आला आणि म्हणाला, हा चावत नाही. म्हटलं, मी चावते. तो गेला. माझा हिशेब साधा आहे. कुत्रा तुम्हाला लेकरासारखा असेल, तर लेकरू आपापल्या घरी. दुकान सगळ्यांचं, रस्ता सगळ्यांचा. एकाच्या हौसेपायी दुसऱ्यानं भिंतीला चिकटून का चालायचं?

हे सगळं मी तिथं बोलून दाखवलं. रणधीरनं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यानं चुटकी वाजवली. कुत्रा बसला. दुसरी चुटकी वाजवली. कुत्रा आडवा झाला, हनुवटी गादीला टेकवून.

"बघा," रणधीर म्हणाला. "माझ्या शब्दाबाहेर नाही."

"अगंबाई! काय वळण लावलंय!" माझी ताई हरखली. मग मला कोपर मारून हळूच म्हणाली, "जनावराला एवढी शिस्त लावणारा माणूस बायकोला किती नीट ठेवील बघ. उगाच खुसपट काढू नको, इंदे."

ताईला मी नावं ठेवत नाही. दाजी गेल्यावर तिनं एकटीनं पोरगी वाढवली होती. चांगलं घर चालून आलं, वर एक पैसा न मागता, आणि तिला डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आम्ही सगळीच अशी माणसं. ज्याच्या दारात जनावर मुकाट बसतं त्याच्या घरात सुख आहे, असं आम्ही डोळे मिटून धरून चालतो.

दुकानात एक म्हातारी नातीला घेऊन परकर बघत होती. नात कुत्र्याकडं बघून रडायला लागली. म्हातारी शेठना म्हणाली, "लेकरू भितंय वं. जरा बाहेर न्यायला सांगा की."

शेठनी रणधीरकडं बघितलं. रणधीर म्हणाला, "त्यांना भीती वाटत असेल तर त्या नंतर येतील." आवाज तोच, मऊ. म्हातारीनं परकर तसाच टाकला, नातीला कडेवर घेतलं आणि गेली. जाताना ती माझ्याकडं का बघून गेली कोण जाणे.

साड्या उलगडायला लागल्या. गडी घडीवर घडी फेकत होता, ताई हात लावून बघत होती, पोपटकाका मानपानाच्या धोतरांवरून विनोद करत होता. नवऱ्या मुलाची आई, नलिनीबाई, रणधीरच्या डाव्या अंगाला बसली होती. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला मोठं कुंकू, नवरा धंद्यापायी परमुलखात. काही विचारलं की आधी मुलाकडं बघायची.

"विहीणबाई, हा मोरपंखी आवडला का?" ताईनं विचारलं.

"रणधीरला आवडला तर छानच आहे."

"अहो, तुमच्या मनाचं सांगा की."

"आमचं एकच मन," असं म्हणून त्या हसल्या.

मी मुद्द्यावर आले. "रणधीरराव, हर्षदानं एक मागितलं होतं. कुत्रा बाहेर बांधायचा. ते आज सगळ्यांसमोर सांगून टाका. मग मी गप."

"सवय होईल तिला, मावशी."

"सवयीचं नाही विचारलं. बांधणार का नाही?"

त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. नुसता ठेवला. "हा आला तेव्हा हाही बिचकायचा. जेवायचा नाही, कोपऱ्यात लपायचा. आता बघा." मग हर्षदाकडं वळून म्हणाला, "हात पुढं कर."

"नको," मी म्हटलं.

"एकच मिनिट, मावशी. हर्षदा, हात."

काका म्हणाला, "कर गं पोरी, नवरा आहे तुझा." ताई म्हणाली, "कर बाळा." दुकानातले गडीसुद्धा घड्या घालायचे थांबले. हर्षदाच्या ओठांवर घाम आला होता. तिनं माझा दंड सोडला, गुडघ्यावर पुढं सरकली आणि हात कुत्र्याच्या तोंडासमोर धरला.

कुत्र्यानं हुंगलं नाही, चाटलं नाही, गुरगुर तर नाहीच. त्यानं तोंड फिरवलं आणि वर रणधीरकडं बघितलं. हर्षदाची बोटं त्याच्या मानेला लागली आणि तिथंच राहिली. एवढी भित्री पोर, तिनं हात मागं घेतला नाही.

"शाब्बास!" काका ओरडला. ताईनं डोळे टिपले. सगळ्यांना वाटलं, झालं काम.

हर्षदा मागं सरकून माझ्याजवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "मावशी, तो थरथरतोय."

मी कुत्र्याकडं नीट बघितलं. वरून दगडासारखा स्थिर. पण साखळीच्या कड्या एकमेकींवर बारीक वाजत होत्या, आणि रणधीरचा हात तर हलत नव्हता.

मला एकदम दुकानात गारठल्यासारखं झालं. बाहेर मे महिन्याचं ऊन, बाजाराची गर्दी, हॉर्न. आत गारवा आणि नव्या कापडाचा वास. काय ते मला कळत नव्हतं, पण तिथून पोरीला उचलून पळावंसं वाटत होतं.

तेवढ्यात शालूची पाळी आली. शेठनी हळदकुंकवाचं ताट मागवलं. आमच्याकडं शालू ठरला की सासूनं करंडा उघडून धरायचा आणि सुनेनं शालूच्या पदराला कुंकवाचं बोट लावायचं. ते बोट टेकलं की बस्ता बांधायचा, आणि बस्ता बांधला की लग्न झाल्यात जमा. मग मागं फिरणाऱ्या मुलीला कोणी दारात उभं करत नाही.

"त्या वरच्या फळीवरचा दाखवा," रणधीर म्हणाला. गड्याला कळेना. तो भलतीच गाठोडी खेचायला लागला. "तो नाही हो, तो डाळिंबी," म्हणत रणधीर उठला आणि दाखवायला म्हणून त्यानं हात वर उचलला. झटक्यात.

कुत्रा जमिनीला चिकटला. चारी पाय फाकले, कान पाठीला लागले, आणि त्याच्याखालून पांढऱ्या गादीवर पिवळा डाग पसरत गेला.

सगळे कुत्र्याकडं बघत होते. मी बघत नव्हते. मी नलिनीबाईंकडं बघत होते. कारण त्याच क्षणाला त्यांचा हात तोंडाच्या आडवा आला होता, मान खांद्यात गेली होती, आणि साऱ्या हिरव्या बांगड्या खळ्ळकन कोपराकडं घसरल्या होत्या. मारणाऱ्यापुढं माणूस जसं करतं, तसं. पुढच्या क्षणी त्यांनी तोच हात डोक्यावर नेऊन पदर सारखा केला.

हर्षदानंही बघितलं.

"गाडीत पाणी जास्त प्यायला तो," रणधीर शांतपणे म्हणाला. "शेठ, गादीची खोळ आमच्या हिशेबात धरा. मी आलोच." त्यानं साखळी उचलली. एवढं धूड, पण ते ओढावं लागलं नाही. ते स्वतःच पोट घासत त्याच्यामागं गेलं. काचेच्या दारातून आम्हाला दिसलं, तो कुत्र्याला घेऊन गाडीच्या पलीकडं गेला. पुढं काही दिसलं नाही. बाजाराच्या आवाजात काही ऐकूही आलं नाही.

नलिनीबाई भराभरा बोलायला लागल्या. "हा डाळिंबीच घेऊ या, काठ छान आहेत, गोऱ्या रंगाला शोभेल, नाही का हो, शोभेल ना?"

"बाई," मी म्हटलं, "तो तुमच्यावर हात उचलतो?"

"इंदे!" ताई किंचाळली.

"मी ह्यांना विचारलं. उचलतो का?"

नलिनीबाईंचं तोंड पांढरं पडलं. त्या दाराकडं बघत राहिल्या. "हळू बोला," म्हणाल्या. "येईल तो."

नाही म्हणाल्या नाहीत. आईला तेवढं म्हणायला किती वेळ लागतो?

"काय बोलताय इंदूताई," पोपटकाका हसला, पण ह्या खेपेला डोळे हसले नाहीत. "तरुण रक्त आहे. डोकं तापतं एखाद्या वेळी. लग्न झालं की निवळतं सगळं."

"कुणावर निवळतं?" मी विचारलं. "हिच्यावर?"

दार उघडलं. रणधीर एकटाच आत आला. रुमालानं बोटं पुसत होता, एकेक करून. रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"मावशी, तुमचं खरं आहे. कुत्र्याची जागा दुकानात नाही. गाडीत बांधला. आणि लग्नानंतर घराबाहेर बांधीन, सगळ्यांसमोर शब्द देतो. झालं समाधान?"

"झालं, झालं!" ताई रडत हसली. "एवढंच हवं होतं आम्हाला. शेठ, आणा ताट."

एवढंच हवं होतं. तेच मागायला मला पुढं केलं होतं आणि तेच मला दिलं होतं. कुत्रा बाहेर गेला होता आणि ज्याला बाहेर घालवायला हवं तो गादीवर मांडी घालून बसला होता. दुकानात मघाशी म्हणे सगळ्यात भयंकर प्राणी कुत्रा होता! पाटी कसली लावणार आता? मी बोलायला तोंड उघडलं तर ताईनं माझं मनगट असं पिरगाळलं की डोळ्यांत पाणी आलं.

डाळिंबी शालू पसरला गेला. नलिनीबाईंनी करंडा हातात घेतला, झाकण काढलं आणि हर्षदापुढं धरला. कुंकू त्यांच्या बोटांवर सांडत होतं.

हर्षदा म्हणाली, "कुत्र्याला आत आणा."

"काय?" रणधीर म्हणाला.

"आत आणा त्याला. मग लावते."

"तुलाच भीती वाटते ना?"

"त्याची नाही वाटत आता. आणा. मला त्याला बघायचंय."

रणधीर तिच्याकडं बघत राहिला. हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला होता. "तो थकलाय," म्हणाला. "कुंकू लाव."

हर्षदानं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती करंड्यामागच्या बाईकडं बघत होती. "आई," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्यांना आई म्हटलं. "तुम्ही सांगा. लावू का?"

रणधीरनंही मान वळवून आईकडं बघितलं. त्याला बोलायची गरजच नव्हती.

नलिनीबाईंच्या कपाळावरून घाम कुंकवात उतरत होता. त्यांनी एकदा हर्षदाकडं बघितलं, जसं आपण गर्दीत हरवलेल्या लेकराकडं बघतो तसं. मग गादीवर पडलेलं झाकण उचललं आणि करंड्यावर बसवलं. घट्ट. वरून तळहातानं दाबलं.

"नको लावू," म्हणाल्या.

रणधीर उठला. पायरीवर त्यानं आपले बूट घातले, मग आईच्या चपला सरळ करून तिच्यापुढं ठेवल्या आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं. "चल, आई." आवाज तोच, मऊ.

मी अनवाणी पळत बाहेर गेले. नलिनीबाईंचा हात धरला. "बाई, त्या गाडीत बसू नका. माझ्याकडं चला. दोन खोल्या आहेत, जेवायला तोटा नाही. मी बघते ह्याच्याकडं."

त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "तुमच्या पोरीला घेऊन आत जा," म्हणाल्या. "आणि दार लावून घ्या."

गाडी गेली. मी ओरडत होते, बाजार बघत होता, आणि ताई मागून म्हणत होती, "काय केलंस इंदे, काय केलंस!"

ताई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. हर्षदा पुढं नर्सिंग शिकली, आता मिरजेला असते. नात्यागोत्यात अजून सांगतात, कुत्र्यापायी लग्न मोडलं, मावशीनं भांडण काढलं. सांगू देत.

मी मात्र पुढच्याच सोमवारी खानावळ बंद ठेवून रणधीरच्या गावाला गेले होते, ते आमच्या घरात कुणाला माहीत नाही. मोठं लोखंडी फाटक. आत कुठंच कुत्रं भुंकलं नाही. बराच वेळ कडी वाजवल्यावर पोपटकाका आला. त्यानं फाटक बोटभर उघडलं.

"नलिनीबाईंना भेटायचंय."

"वहिनी नाहीत. लेकीकडं गेल्यात."

"कधी येतील?"

"ते काही सांगता यायचं नाही," तो म्हणाला. ह्या खेपेला त्यानं विनोद केला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. आणि फाटक लावून घेतलं.

रणधीर एकुलता एक, हे स्थळ आलं तेव्हाच सांगितलेलं. नलिनीबाईंना लेक नव्हतीच.

मी तिथंच, फाटकासमोर मातीत फतकल मारली. येणारेजाणारे थांबून विचारायला लागले, बाई, कुणाकडं आलात, इथं का बसलात. मी त्यांना ओरडून सांगितलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं: "बाई लेकीकडं गेल्यात म्हणे. त्या परत येईपर्यंत मी इथनं हलत नाही."